सह्याद्रीतून वेस्ट हायलँड वेवर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी स्टेशनचं नाव म्हणायला शिका. वेस्ट हायलँड वे ही स्कॉटलंडमधली प्रसिद्ध पायवाट ज्या गावातून सुरू होते, त्याचं स्पेलिंग मराठी माणसानं वाचलं की हमखास 'मिलनगावी' होतं. ग्लासगोच्या तिकीट खिडकीवर मी तेच म्हटलं. आतल्या बाईंनी दोनदा विचारलं, मग माझ्या मागे उभे असलेले आजोबा हसून म्हणाले, "मल्गाय!" नावात मिलन नाही, गाय आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट किंवा सेंट्रल स्टेशनवरून लोकल धरायची, साधारण पंचवीस मिनिटांत मल्गाय. स्टेशनपासून दोन-चार मिनिटांवर बाजारपेठेत एक दगडी स्तंभ आहे. तिथे फोटो काढायचा आणि उत्तरेकडे चालू लागायचं.

पुढे फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किलोमीटर, म्हणजे ९६ मैल. ही वाट ऑक्टोबर १९८० मध्ये खुली झाली आणि लांब पल्ल्याची अशी अधिकृत वाट म्हणून ती स्कॉटलंडमधली पहिली. बहुतेक लोक सात-आठ दिवसांत चालतात. दोर लागत नाही, गाईड लागत नाही, वन खात्याची पावती फाडावी लागत नाही. वाटेवरचं सगळ्यात उंच ठिकाण जेमतेम ५५० मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहून कमी.

आपली फसगत होते ती इथेच. राजगड-तोरणा एका दमात करणारी मंडळी हे आकडे बघून म्हणतात, "हे तर काहीच नाही." पायांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण आपण पावसाळ्यात डोंगरात जातो तेच मुळी भिजायला. आपला पाऊस कोमट असतो, खाली उतरलं की टपरीवर चहा-भजी असतात आणि संध्याकाळी घर. तिथे मे महिन्यातही दुपारी आठ अंश तापमान, आडवा पाऊस आणि वारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. भिजण्याकडे मजा म्हणून बघायची सवय मोडणं हीच खरी तयारी, बाकीचं सोपं आहे.

कधी जायचं

मे. कुणी विचारलं तर मी दुसरा महिना सांगतच नाही. पश्चिम स्कॉटलंडमध्ये एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, आणि 'त्यातल्या त्यात' हे शब्द नीट वाचा. मेमध्ये ब्लूबेलची निळी फुलं असतात, कोकरं असतात, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि चिलटांचा हंगाम अजून भरात आलेला नसतो. आपल्याकडे मुलांना सुट्टीही तेव्हाच असते.

जूनमध्ये दहा वाजेपर्यंत दिसतं. त्याच सुमाराला या वाटेवर धावण्याची शर्यत असते आणि आपल्याला आठ दिवस लागतात ते अंतर त्या लोकांना ३५ तासांत संपवावं लागतं. पहाटे कपाळावर दिवा बांधलेला कुणी धापा टाकत शेजारून गेला तर दचकू नका. जुलै-ऑगस्ट टाळा, कारण पुढे येईलच. सप्टेंबर चांगला. ऑक्टोबर ते मार्च मात्र नवख्यांसाठी नाही. डिसेंबरात उजेड सात तासांचा असतो आणि निम्मी राहण्याची ठिकाणं बंद.

आरक्षण मधूनच सुरू करा

माणूस सहसा पहिल्या रात्रीपासून बुकिंग करत जातो. इथे तसं केलंत तर पाचव्या-सहाव्या रात्रीला अडकाल. ड्रिमेन, टाइन्ड्रम, किनलॉखलीव्हन, फोर्ट विल्यम इथे पर्याय बरेच आहेत. पण रोवर्डेनन, इनव्हरओरन आणि किंग्जहाउस इथे राहायला एखाद-दुसरीच जागा. किंग्जहाउस म्हणजे एक हॉटेल, त्याचं बंकहाउस (एका खोलीत अनेक खाटा) आणि भोवती डोंगर. म्हणून आधी या तीन रात्री पक्क्या करा आणि त्यांच्या तारखांवर बाकीचं बसवा. मेसाठी जायचं असेल तर हे काम नोव्हेंबर-डिसेंबरातच उरकलेलं बरं.

मग विमान, मग व्हिसा. भारतीय पासपोर्टवाल्यांना यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो आणि अर्जाची बायोमेट्रिक मुंबईत किंवा पुण्यात देता येते. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. हे बजावून सांगायचं कारण म्हणजे आमच्या गटातल्या एकाला ते जानेवारीत कळलं. विमा काढताना डोंगरातलं चालणं त्यात धरलेलं आहे का, ते विचारा. तिथली माउंटन रेस्क्यू पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर परदेशी पर्यटकाला बिल येतं.

आठ दिवस नसतील तर? ब्रिज ऑफ ऑर्कीपर्यंत ट्रेननं जा आणि तिथून फोर्ट विल्यमपर्यंत तीन दिवस चाला. सुमारे ५८ किलोमीटर होतात आणि माझ्या मते साऱ्या वाटेचा गाभा त्यातच आहे. पहिला दिवस चुकल्याचं दुःख कुणाला झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

कपडे : ओले आणि सोवळ्यातले

जीन्स घरी. सुती टी-शर्ट घरी. सुती बनियन आणि मोजेसुद्धा घरी. सुती कापड पाणी धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतं. आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पातळ फ्लीस आणि सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट. खाली पटकन वाळणारी पँट आणि त्यावर वॉटरप्रूफ पँट. ही दुसरी पँट आपल्याकडचे लोक हटकून विसरतात. कानटोपी आणि हातमोजे मेमध्येही लागतात.

छत्री नको. आणि पोंचो तर अजिबात नको, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पहिल्या खेपेला मी लक्ष्मी रोडवरून घेतलेला पिवळा पोंचो घेऊन गेले होते. आपल्याकडे इरलं चालतं तर हे का नाही चालणार, असा माझा विचार. कॉनिक हिलच्या खांद्यावर पोचलो, वारा खालून शिरला आणि पोंचोचा मागचा भाग सरळ डोक्यावर आला. पुढचं काही दिसेना, हात बाहेर निघेनात आणि मी तशीच उभी, पिवळ्या पिशवीत अडकलेल्या मांजरासारखी. मामेभावानं खाली ओढून धरला तोवर कमरेपर्यंत भिजले होते. बल्माहाला उतरल्यावर तो पोंचो कचऱ्याच्या डब्यात गेला.

आता मुख्य गोष्ट. कपड्यांचे दोन जोड ठेवायचे आणि त्यातला एक सोवळ्यात. आजी सोवळ्यातलं पातळ जशी कुणाला शिवू द्यायची नाही, तसाच. हा जोड फक्त मुक्कामी, आत, अंग पुसल्यावर. तो घालून चालायचं नाही, मग सकाळी कालचे कपडे कितीही थंड आणि ओले असोत. डोळे मिटायचे आणि तेच ओले अंगावर चढवायचे. पाच मिनिटं जीव जातो, दहाव्या मिनिटाला चालून गरम होता. उलट "आज वाळके घालते, काय फरक पडतो" म्हणून सोवळं मोडलंत तर संध्याकाळी दोन्ही जोड ओले आणि रात्र समोर.

हा जोड आणि स्लीपिंग बॅग कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत घालून, तोंड पिळून बांधून मग सॅकमध्ये. सॅकच्या रेनकव्हरवर भरवसा नको. वाऱ्यात ते उडतं आणि पाठीच्या बाजूनं पाणी तसंही शिरतंच.

जाता जाता एक. बहुतेक हॉस्टेलांमध्ये 'ड्राईंग रूम' कुठे आहे ते आधीच सांगतात. आमचे काका केस नीट करून तिकडे गेले, चार लोकांशी गप्पा माराव्यात म्हणून. आत हीटर, दोऱ्या आणि तीस जोडी मोज्यांचा वास. तो दिवाणखाना नव्हता, कपडे वाळवायची खोली होती.

पाय

बूट आधी निदान साठ-सत्तर किलोमीटर वापरलेले हवेत. सराव करताना एकच मोठा ट्रेक करून उपयोग नाही. शनिवारी कात्रज-सिंहगड केलात तर रविवारीही पंधरा किलोमीटर चाला, पाय दुखत असताना. या वाटेवर एकेक दिवस अवघड नाही, लागोपाठचे दिवस अवघड आहेत. गटातले एकसष्ट वर्षांचे काका सगळ्यात मजेत होते, कारण ते रोज पहाटे तळजाईला दोन तास चालतात. रडकुंडीला आले ते जिमवाले.

पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. टाचेला कुठे 'गरम' लागायला लागलं की तिथेच थांबून पट्टी लावा. पुढच्या गावात बघू म्हणालात तर पुढच्या गावात फोड आलेला असेल. दुपारच्या खाण्याच्या वेळी मोजे काढून पाय दहा मिनिटं उघडे ठेवायचे. शेजारच्यांनी तोंड फिरवलं तरी चालेल.

सामान गाडीनं पाठवायचं का

खुशाल पाठवा, त्यात कमीपणा नाही. सकाळी मोठी बॅग मुक्कामाच्या दाराशी ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या मुक्कामी मिळते. अशा सेवा देणारे बरेच जण आहेत आणि बहुसंख्य लोक त्या वापरतात. पाठीवर सहा-सात किलोंची छोटी सॅक.

पण एका संध्याकाळी माझ्या बहिणीची बॅग भलत्याच लॉजवर उतरवली गेली आणि तिची थायरॉइडची गोळी, चश्मा, फोनचा चार्जर सगळं त्यात. बॅग सकाळी मिळाली, माफीही मिळाली. तेव्हापासून आमचा नियम असा की औषधं, पासपोर्ट, वॉटरप्रूफ, एक गरम थर आणि दिवसभराचं खाणं कायम स्वतःच्या पाठीवर. सोवळ्यातला जोडसुद्धा.

वाट, दिवसावारी

वाटेवर ठिकठिकाणी लाकडी खांब आहेत आणि त्यावर षट्कोनात काटेरी थिसलच्या फुलाचं चिन्ह. ते बघत गेलं की सहसा चुकत नाही. तरी कागदी नकाशा ठेवा आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. लॉख लोमंड या तळ्याच्या पूर्व काठाला आणि रॅनॉख मूर या दलदलीच्या उघड्या माळावर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

पहिला दिवस मल्गाय ते ड्रिमेन, १९ किलोमीटर. सपाट, शेतातून, जुन्या रेल्वेच्या बांधावरून. फाटकं उघडायची आणि मागे बंद करायची सवय लावून घ्या, गुरं आत असतात.

दुसरा दिवस रोवर्डेननपर्यंत २४. मध्ये कॉनिक हिल, माझ्या पोंचोची समाधी. वर माथ्यापाशी थांबून खाली लॉख लोमंडकडे बघा. तळ्यातली बेटं एका रेषेत आहेत आणि ती रेष तुमच्या पायाखालच्या डोंगरातून पुढे जाते. हाच हायलँड बाउंड्री फॉल्ट, स्कॉटलंडच्या सखल भागाला डोंगराळ भागापासून तोडणारा भूस्तरभंग. इथून उतरलात की तुम्ही हायलँड्समध्ये. पृष्ठफळानं हे ब्रिटन बेटावरचं सगळ्यात मोठं तळं आहे, आणि पुढचा दीड दिवस ते डाव्या हाताला सोबत करतं.

तिसरा दिवस रोवर्डेनन ते इनव्हरआर्नन. नकाशावर २२ किलोमीटर, चढ नाही, तळ्याकाठानं वाट. इथेच सगळ्यांचा हिशोब चुकतो. इनव्हर्स्नेडच्या धबधब्यापर्यंत वाट बरी आहे. तिथे हॉटेल आहे, कॉफी प्या, कारण त्यापुढे तीन-चार किलोमीटर वाट अशी उरतच नाही. ओली मुळं, शेवाळलेले धोंडे, कुठे हातानं धरून उतरायचं, कुठे बुडावर घसरायचं. ताशी दीड-दोन किलोमीटरच्या वर वेग जात नाही. आपल्याकडच्या मंडळींना मात्र इथे घरी आल्यासारखं वाटतं. ढाकच्या वाटा केलेल्यांना तर विशेषच. ट्रेकिंग पोल इथे सॅकला लावून टाका, दोन्ही हात मोकळे हवेत. रानटी बकऱ्या दिसल्या नाहीत तरी त्यांचा वास नक्की येईल. मुक्कामाला ड्रोव्हर्स इन आहे, १७०५ पासूनची. दाराशी पेंढा भरलेलं अस्वल उभं आहे. पूर्वी गुरांचे कळप दक्षिणेच्या बाजाराला हाकत नेणारे लोक इथे थांबत, नाव त्यांच्यावरूनच आलं.

चौथा दिवस टाइन्ड्रमपर्यंत २०. गटातल्या कुणाचं काही बिनसलं असेल तर बाहेर पडायला हा टप्पा सोयीचा, कारण क्रिअनलॅरिख, टाइन्ड्रम आणि पुढे ब्रिज ऑफ ऑर्की या तिन्ही ठिकाणी रेल्वे स्टेशन आहे. टाइन्ड्रमला तर एवढ्याशा वस्तीत दोन. इथल्या दुकानातून दोन-तीन दिवसांचं खाणं भरून घ्या. यानंतर वाटेवर किराणा दुकान थेट किनलॉखलीव्हनला.

पाचवा दिवस इनव्हरओरनपर्यंत १५, आरामाचा.

सहावा दिवस रॅनॉख मूरच्या कडेनं किंग्जहाउस, १६ किलोमीटर. हवामान सकाळी बघितल्याशिवाय इथे पाऊल टाकू नका. वाट रुंद आहे, जुना दगडी रस्ता, चुकायची भीती नाही. पण वस्ती नाही, झाडं जवळजवळ नाहीत, आडोसा म्हणून काही नाही. डाव्या बाजूला डोंगर आणि उजवीकडे नजर पोचेल तिथवर दलदल, डबकी आणि तपकिरी गवत. १८९४ मध्ये रेल्वे या मूरवरून नेताना रुळांखाली जमीनच लागेना, तेव्हा फांद्या आणि झुडपांच्या थरांवर रूळ अक्षरशः तरंगवले. पाऊस आणि वारा समोरून असेल तर इथले चार-पाच तास फार लांबतात. थांबायचं असेल तर मोठ्या दगडामागे आणि पाचच मिनिटं. मग अचानक उतार येतो आणि समोर बुअखल एटिव्ह मोर, पिरॅमिडसारखा. नावाचा अर्थ एटिव्हचा थोरला गुराखी. किंग्जहाउसच्या अंगणात संध्याकाळी हरणं येतात. त्यांना खायला घालू नका, लोक घालतात तरी.

सातवा दिवस किनलॉखलीव्हन, १४. वाटेतल्या चढाचं नाव भयानक, डेव्हिल्स स्टेअरकेस, म्हणजे सैतानाचा जिना. प्रत्यक्षात अडीचशे मीटरचा नागमोडी चढ, पाऊणएक तासाचा. १७५० च्या सुमाराला सैनिकांनी हा लष्करी रस्ता म्हणून बांधला. जेकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, बंडानंतर हायलँड्सवर पकड ठेवण्यासाठी सरकारनं जे रस्ते काढले, त्यातलाच हा एक. आपल्या कुठल्याही गडाची वाट याहून उभी असते. त्रास देतो तो पलीकडचा उतार, थेट समुद्रपातळीपर्यंत. गुडघे बोलायला लागतात.

आठवा दिवस फोर्ट विल्यमपर्यंत २४ किलोमीटर, मध्ये काहीही मिळत नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर डांबरी रस्त्यानं शहरात शिरायचं, आणि तिथे पाय सगळ्यात जास्त कुरकुरतात. गॉर्डन स्क्वेअरमध्ये ब्राँझचा एक माणूस बाकावर बसून तळवा चोळतोय. त्याच्या शेजारी जागा ठेवलेली आहे.

खाणं

शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत. जवळपास प्रत्येक पबमध्ये सूप-ब्रेड, बटाटा आणि निदान एक शाकाहारी पदार्थ असतो. हॅगिस हा तिथला मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ, पण तो शाकाहारीही मिळतो, ओट, डाळी आणि मसाल्याचा. सुकी मिसळ खाल्ल्यासारखा लागला मला, फार वाईट नाही. पण वेळेचं भान हवं. पबचं स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होतं. बाहेर लख्ख उजेड असल्यानं आपल्याला ते कळत नाही आणि मग चिप्सच्या पाकिटावर रात्र काढावी लागते. चिखलाचे बूट दाराशी काढायचे, ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची.

घरून चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खाकरे, लोणच्याची छोटी बाटली न्या. दूध-मांसाचे पदार्थ मात्र भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी आणि साजूक तूप विमानतळावर जप्त. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो ग्लासगोत घ्या. ओढ्याचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्या, वर कुठेतरी मेंढी मेलेली असते.

चिलटं आणि गोचीड

मिज म्हणजे आपली चिलटं, पण चावणारी. एक चावली तर काही नाही, पण एकटी ती कधी येतच नाही. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा हंगाम, जुलै-ऑगस्टमध्ये कहर. वारा पडलेला, हवा दमट, ऊन नाही, अशी पहाट किंवा संध्याकाळ झाली की ढग उठतो. जरा वारा सुटला की गायब. म्हणून तंबू ओढ्याकाठच्या सुंदर खळग्यात न लावता उघड्यावर, वाऱ्यावर लावा. डोक्यावरची जाळी स्वस्तात मिळते आणि तिच्याइतकी पैसे वसूल वस्तू दुसरी नाही. तिथल्या दुकानात मिजसाठीच बनवलेलं रिपेलंट मागा.

गोचीड गवतातून चढते आणि तिच्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग तपासायचा. सापडली तर खास चिमटा मिळतो, त्यानं त्वचेला लागून पकडून सरळ ओढायची. तूप, मेणबत्ती, काडी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरला दाखवा आणि आपण स्कॉटलंडला गेलो होतो हे सांगा, इथल्या डॉक्टरला ते आपोआप सुचणार नाही.

तंबू लावायचा असेल तर

स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं खाजगी मालकीच्या मोकळ्या जमिनीवरूनही चालायचा आणि छोटा तंबू लावायचा हक्क सर्वांना दिला आहे, परदेशी माणसालाही. अट एकच, जबाबदारीनं वागायचं. एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, घरं आणि रस्त्यांपासून लांब, मागे काही उरता कामा नये. शौचाला पाण्यापासून निदान तीस मीटर दूर, खड्डा खणून.

मात्र लॉख लोमंडच्या काठाला वेगळा नियम आहे. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात तिथल्या ठरावीक पट्ट्यांमध्ये नॅशनल पार्कचा परवाना घेऊनच किंवा कॅम्पसाइटवरच तंबू लावता येतो. आपण दुसरी-तिसरी रात्र नेमकी तिथेच असतो, तेव्हा हे आधी ऑनलाइन करून ठेवा. त्याच काठाला रोखॉइश आणि डून बायर या दोन बॉथी आहेत. बॉथी म्हणजे कुलूप नसलेली दगडी झोपडी, फुकट, वीज नाही, संडास नाही, जागा मिळेल याची खात्रीही नाही. गडावरच्या देवळात झोपायची सवय असलेल्यांना त्यात नवीन काही नाही.

अडलं तर

रोज सकाळी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघा. त्यात वाऱ्याचा माणसाच्या चालण्यावर काय परिणाम होईल तेही लिहिलेलं असतं.

गटातला एखादा कुडकुडतोय, अडखळतोय, बोलताना जीभ जड झालीय, "मला काही होत नाही, तुम्ही चला" म्हणतोय, तर तिथेच थांबा. अंगातली ऊब उतरत चालल्याची ही चिन्हं आहेत. आडोसा, कोरडे कपडे (सोवळं मोडायची वेळ हीच), गोड खाणं, गरम पेय. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्तच आहे, तर ते बरं होण्याचं नव्हे, बिघडण्याचं लक्षण.

मदतीसाठी ९९९ लावा, आधी 'पोलीस' मागा, मग 'माउंटन रेस्क्यू'. थेट रेस्क्यूचा वेगळा नंबर नाही. रेंज क्षीण असेल तर ९९९ ला मेसेजही करता येतो, पण त्यासाठी फोनची आधी नोंदणी करावी लागते. तिथलं सिमकार्ड घेतलंत की त्याच दिवशी 'रजिस्टर' असा मेसेज इंग्रजीत ९९९ ला पाठवून ठेवा. शिट्टी जवळ असू द्या. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हा तिथला संकटाचा इशारा.

फोर्ट विल्यमनंतर

एक दिवस हाताशी असेल तर बेन नेव्हिस. उंची १,३४५ मीटर, ब्रिटनमध्ये सर्वोच्च. आपलं कळसूबाई १,६४६. हे तिथल्या कुणाला सांगितलंत तर ते सभ्यपणे भुवया उंचावतात. पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, जाऊन-येऊन सात ते नऊ तास लागतात आणि मेमध्ये माथ्यावर बर्फ असू शकतो. रुळलेली वाट १८८३ मध्ये माथ्यावरच्या वेधशाळेसाठी घोडे नेता यावेत म्हणून बांधली. वर धुकं असलं तर माथ्याच्या अगदी जवळ उत्तरेचे कडे आहेत. होकायंत्र वापरता येत नसेल आणि ढग खाली असेल तर परत फिरा, किंवा स्थानिक गाईड घ्या.

पाय उरले नसतील तर नेव्हिस रेंजची गोंडोला, म्हणजे रोपवे, आहे. तिथेच माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धांची उताराची वाट आहे, ती नुसती खालून बघा. नवख्यांसाठी सोप्या वाटाही आहेत आणि सायकल भाड्यानं मिळते. कॅनियनिंग (ओढ्याच्या घळीतून उतरणं), कयाक, दोर लावून कडे चढणं हे सगळं फोर्ट विल्यमच्या आसपास मान्यताप्राप्त प्रशिक्षकांबरोबर अर्ध्या-एका दिवसात करता येतं. हिवाळ्यात बर्फावर चालायचं नीट शिकायचं असेल तर एव्हिमोरजवळचं ग्लेनमोर लॉज हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र बघा, पण ती वेगळी सहल.

परतीला ग्लासगोची ट्रेन धरा, पावणेचार तास लागतात. दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत, तेव्हा जागा आधी राखून ठेवा आणि डाव्या बाजूची खिडकी मिळवा. आधी मूर येतं, मग ब्रिज ऑफ ऑर्की आणि टाइन्ड्रमच्या मध्ये आपली पायवाट रुळांना लागून धावते. सॅका घेतलेले लोक तिथे खाली मान घालून पावसात चाललेले दिसतात. पुढे आर्डलुईनंतर लॉख लोमंड डाव्या खिडकीत येतं आणि पाण्यापलीकडे इनव्हर्स्नेडचा तो काठ. आमच्या वेळी तिथे पाऊस पडत होता. काकांनी सोवळ्यातले मोजे घातलेले पाय समोरच्या रिकाम्या सीटवर ठेवले होते, आणि तिकीट तपासनीस येताना दिसल्यावर ते गुपचूप खाली घेतले.